दारातला बर्फ

आकाराम पेंटर मनानं वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे यायचं आहे त्यात तो काही फार चांगला दिसणार नाही. बायकोशी तो कधी वेडंवाकडं बोलला नाही. गिऱ्हाइकाच्या पाटीवर एक वेलांटी चुकली तरी सबंध पाटी खरवडून नव्यानं रंगवून द्यायचा. सांगलीच्या गणपती पेठेत त्याचं चिंचोळं दुकान होतं. तिथं आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत जायचा नाही. फक्त एक पथ्य पाळावं लागे. त्याच्यासमोर साताऱ्याच्या धोंडिराम पेंटरचं नाव काढायचं नाही. ते निघालं, की हातातला ब्रश थांबायचा, कपाळाला आठी पडायची आणि "बरा हाय त्याचा हात" एवढंच तो म्हणायचा. हे "बरा" तोंडातून काढताना त्याला किती कष्ट पडत ते त्याची बायको लीलाबाई जाणून होती. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

दोघं रहिमतपूरपासून दोन कोसांवरच्या एकाच गावचे. आकाराम तिथल्या नाथाजी पाटलाचा धाकटा मुलगा. थोरला जोतिबा पलटणीत गेला, रानात ऊस उभा होता, आणि हा धाकटा कोळसा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर बैल काढत बसायचा. "दावणीला खरी बैलं हायती, त्यांस्नी पाणी दाखीव आदी," असं म्हणून म्हणून पाटलाचा घसा बसला. शेवटी कंटाळून त्यानं पोराला सांगलीला तात्याबांकडे धाडलं. तात्याबा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. सगळं वीस-वीस फुटी कापडावर. त्यांच्या हाताखाली आकाराम दोन वर्षं सुखानं रमला. मग सत्तावन्न साली गावचा धोंडिराम तिथं येऊन दाखल झाला आणि सुख संपलं.

धोंडिराम हा केरबाचा मुलगा. केरबाचं घर गावकुसाबाहेर. आदल्याच वर्षी त्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि मेलेली जनावरं ओढण्यापासून सगळी गावकीची कामं सोडून दिली होती. धोंडिराम सांगलीच्या बोर्डिंगात राहून शाळा शिकायचा आणि शाळा सुटली की तात्याबांकडे रंग कालवायला यायचा. सहा महिन्यांत तात्याबांनी त्याच्या हातात ब्रश दिला.

एकदा दरबाराचा पडदा चालला होता. डावी बाजू आकारामला, उजवी धोंडिरामला. आकारामनं संगमरवरी खांब काढले, त्यांवर वेलबुट्टी, मागं झालर. धोंडिरामनं एकच भालदार काढला. तात्याबा आले. भालदारापुढं इतका वेळ उभे राहिले, की तोंडातल्या विड्याची पिंक टाकायची विसरले. मग म्हणाले, "ह्यो मानूस उभा राहून दमलाय रं. बघ, एका पायावर भार टाकलाय." जाता जाता आकारामच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुजं खांब झकास आलेत."

खांब! तात्याबांनी ते कौतुकानंच म्हटलं होतं. पण त्या एका शब्दानं आकारामच्या काळजात जे घर केलं ते पुढची सतरा वर्षं सोडलं नाही. तात्याबा वारले, सिनेमानं नाटक कंपन्या मोडल्या, पडदे गेले. आकारामनं गणपती पेठेत दुकान टाकलं, धोंडिरामनं साताऱ्यात एस.टी. स्टँडाजवळ. आकाराम पाट्या आणि ट्रकच्या फळ्या रंगवी, धोंडिराम सिनेमाचे बोर्ड. तरी कुणी आकारामच्या पाटीवरल्या अक्षरांची तारीफ केली, की त्याला वाटायचं, हा मला खांबच म्हणतोय.

चौऱ्याहत्तर साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली. गावोगाव सिंहासनं, छत्रं, हत्ती यांची मागणी निघाली आणि पेंटर लोकांना श्वास घ्यायला उसंत राहिली नाही. त्याच श्रावणात सांगलीतल्या एका नव्या कॉलेजाच्या प्राचार्यांचं बोलावणं आलं. प्राचार्य इतिहासाचे, माणूस हौशी. कॉलेजात इतिहासाचं दालन बांधून तयार होतं आणि समोरच्या सबंध भिंतीला त्यांना एक मोठं तैलचित्र हवं होतं. आकाराम नवा सदरा घालून गेला आणि पाहतो तर बाकावर आधीच धोंडिराम बसलेला.

"ये की, आकाराम," धोंडिराम सरकून जागा करत म्हणाला.

"तू हितं कसा?"

"पत्र आलं व्हतं सरांचं."

आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगली त्याची, पेठ त्याची, आणि पत्र साताऱ्याला! तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मधे दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून बसला.

प्राचार्यांनी एका जुन्या परदेशी पुस्तकातलं चित्र दाखवलं. आगपेटीएवढं, काळंपांढरं आणि इतकं धुरकट, की दार कुठलं आणि माणूस कुठला हे बोट ठेवून सांगावं लागलं. "नऊशे वर्षांपूर्वीची गोष्ट," ते म्हणाले. "हेन्री नावाचा जर्मन राजा. त्याचं आणि पोपचं भांडण जुंपलं. धर्माधिकारी कुणी नेमायचे, राजानं की पोपनं? राजा म्हणाला, तुला मी पोपच मानत नाही. पोपनं काय करावं? त्यानं राजालाच वाळीत टाकलं. झालं, सरदार उलटले, राज्य हातचं जायची वेळ आली. मग ऐन थंडीत डोंगर ओलांडून राजा कॅनोसाच्या किल्ल्यापाशी आला. आत पोप, बाहेर बर्फ. अंगावर जाडंभरडं कापड, पाय अनवाणी. आणि दार उघडेना. एक नाही, दोन नाही, तीन दिवस."

"तीन दिस?" इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या धोंडिरामनं एकदम वर पाहिलं.

"तीन दिवस. मला तोच राजा हवा, दारातला. तुम्ही दोघं एकेक कच्चं चित्र करून आणा. ज्याचं पटेल त्याला काम."

आकाराम घरी आला तो वाऱ्यावर तरंगत. कारण बर्फ. त्याचा भाऊ जोतिबा त्या वेळी सुभेदार होता, लडाखला. धोंडिरामच्या सात पिढ्यांत कुणी बर्फ पाहिलेला नव्हता. आकारामनं भावाला पत्र टाकलं आणि जोतिबानं चार पानं भरून उत्तर धाडलं: बर्फ पांढरा नसतो, सावलीत निळा दिसतो, दिवस बुडताना गुलाबी, भिंतीच्या कडेला वाऱ्यानं ढीग लागतो, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो आणि कर्र वाजतो. आकारामनं ते पत्र इतक्यांदा वाचलं, की घड्यांवर फाटलं. मग त्यानं असा बर्फ काढला, की लीलाबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आता बोल म्हणावं त्याला," आकाराम म्हणाला.

"कुनाला?" लीलाबाईनं मुद्दाम विचारलं.

ठरल्या दिवशी प्राचार्यांनी दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आकारामच्या चित्रापाशी ते थबकले. "वा! काय बर्फ आहे हो!" आकारामची छाती फुगली. मग त्यांनी चष्मा वर सरकवला, वाकून पाहिलं. "आणि हे दारापाशी काय?"

"जोडं, सर."

"कुणाचे?"

"राजाचं. अनवाणी हाय न्हवं त्यो? मग दारात काढून ठिवलं असतील की."

उंबऱ्याच्या उजव्या हाताला, टाचेला टाच लावून, राजाचे उंची बूट नीट जोडीनं मांडलेले होते. प्राचार्य खो खो हसले. हसू आवरल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, की त्या मुलखात अनवाणी उभं राहणं म्हणजे आदर नव्हे, शिक्षा. आकाराम गोंधळून गेला. धर्माच्या दारात अनवाणी जाण्यात शिक्षा ती कसली? तो स्वतः आयुष्यभर पायताण बाहेर काढूनच देवळात गेला होता. तिथं काढायचं नाही तर कुठं? त्याला ते काही केल्या पटेना.

मग प्राचार्य धोंडिरामच्या चित्राकडे वळले. बर्फ भिकार होता, कुणी चुन्याची भुकटी सांडल्यासारखा. पण राजा! पाठमोरा, जरासा एका अंगाला वळलेला. चेहरा पुरता दिसतही नव्हता. पायांची बोटं आत आखडलेली, एका पायावर भार. आणि बूट त्याच्या हातात होते, मागं, पाठीशी धरलेले.

"हातात का?" प्राचार्यांनी विचारलं.

"दारात ठिवायला तरी तेवढा मान पायजे की, सर," धोंडिराम म्हणाला. "ज्याला उतरायला लावत्यात, त्यो हातातच धरतो."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "पुस्तकात असं नाही," ते म्हणाले, "पण राहू दे."

आकारामला आपलं चित्र टेबलावरून उचलून पळून जावंसं वाटलं. कारण त्यालाही ते पाय दिसत होते आणि त्याला चित्रातलं कळत होतं. हेच तर त्याचं दुखणं होतं. मठ्ठ असता तर सुखी झाला असता. प्राचार्यांनी मात्र तोडगा काढला आणि तो आकारामला फाशीपेक्षा वाईट वाटला. चित्र एकच, काम दोघांचं. राजा धोंडिरामनं काढायचा. बर्फ, भिंत, दार, आभाळ आकारामनं.

म्हणजे पुन्हा खांब.

नाही म्हणावं तर सगळंच धोंडिरामच्या घशात जाणार. आकाराम हो म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झालं. कॉलेज रिकामं, दालनात दोघंच. बारा फुटी कॅनव्हास, दोन शिड्या. दुपारी दोघं आपापल्या भाकऱ्या सोडत. धोंडिराम ठेचा पुढं करी, आकाराम "नको, पित्त हाय" म्हणे. त्याला पित्त नव्हतं.

दाराचा प्रश्न आला. पुस्तकातल्या चित्रात दाराच्या जागी नुसता काळा डाग. आकारामनं डोळे मिटले आणि एक भरभक्कम दार मनात आणलं. जाड फळ्या, आडव्या लोखंडी पट्ट्या, तीन ओळींत पितळी फुलं, मधल्या ओळीतलं चौथं फूल गळून पडलेलं आणि तिथं नुसतं भोक. खाली दगडी उंबरा, मधे झिजून खोलगट झालेला. तीन दिवसांत दार असं उठलं, की ढकललं तर करकरेल. आकाराम खूश झाला. "कॅनोसाचं दार," तो मोठ्यानं म्हणाला.

धोंडिराम चहा पिऊन आत आला, दार पाहिलं आणि जिथल्या तिथं थांबला.

"ह्ये दार कुटनं आनलंस, पाटील?"

तात्याबांकडे असल्यापासून तो त्याला आकारामच म्हणत आला होता. पाटील म्हणाला तो त्याच दिवशी.

"मनातनं," आकाराम म्हणाला.

धोंडिरामनं पुढचे दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. खिडकीत बसून राहिला. आकारामला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अडला! माझ्या दारापुढं ह्याचा राजा उभाच राहीना! तिसऱ्या दिवशी धोंडिरामनं आधी आखलेला राजा पुसून टाकला आणि नव्यानं सुरुवात केली. ह्या वेळी राजा बारीक झाला, खांदे खाली आले, मानेवरच्या शिरा दिसू लागल्या. आणि शेवटी त्यानं पाय काढले. टाचांना भेगा, घोट्यांची हाडं वर आलेली, बोटं जमीन धरून ठेवल्यासारखी. आकाराम शिडीवरून आभाळ रंगवायचा आणि पुन्हा पुन्हा त्याची नजर खाली त्या पायांवर जायची. दिसेल ते पुन्हा बघावं आणि पुन्हा जळावं, असं चाललं. एवढा बर्फ, एवढं दार, एवढं आभाळ, आणि येणारा प्रत्येक माणूस बघणार काय, तर दीड वीत पाय.

चित्र पुरं झालं. रंग वाळायला आठ दिवस ठेवायचे होते. धोंडिराम साताऱ्याला गेला. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी येतो म्हणाला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आकाराम दालनाची किल्ली घेऊन गेला. खिशात जोतिबाचं पत्र होतं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचलं, जणू कुणी विचारलंच तर दाखवायला: पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो. मग त्यानं झिंक व्हाइट काढला, त्यात निळ्याचा थेंब घातला आणि राजाच्या पायांवर बर्फ घातला. बोटांवर, टाचांवर, घोट्यांवर. चित्र सुरेख दिसत होतं. राजा बर्फात उभा होता आणि त्याला पाय नव्हते.

आकाराम घरी आला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दिवाळीला त्याची आई राहीबाई गावाहून आली होती, ती अजून होती. सत्तरीची बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, नजर मात्र घारीची. "गर्दीत मला काय दिसंना. आदीच दाव तुजं चित्र," म्हणून तिनं हट्ट धरला. उद्घाटनाच्या सकाळी आकारामनं तिला रिक्षात घालून नेलं आणि चित्रावरचं कापड बाजूला केलं.

राहीबाई लांबून बघत राहिली. मग जवळ गेली.

"आरं, ह्ये तर आपलं दार."

"न्हाई आये. ह्ये परदेशातलं हाय. किल्ल्याचं."

"मला शिकवतूस व्हय? मधल्या वळीतलं फूल जोतिबानं विटी मारून पाडलंय. त्ये बग भोक." आकारामनं बघितलं. चौथं फूल. झिजलेला उंबरा. तीन दिवस तो आपल्याच घराचं दार रंगवत होता आणि ते त्याला माहीत नव्हतं. धोंडिरामला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं.

म्हातारी राजाकडे वळली होती. "आन् ह्यो केरबा," ती म्हणाली.

"कोन?"

"धोंडिरामचा बा. आसाच हुबा व्हता, आसाच. वैशाखात, तीन दिस. त्येच्या पोराला सांगलीच्या बोर्डिंगात जायाला तुज्या बापाचा दाखला पायजे व्हता. तुजा बा म्हनला, गावकीची कामं सोडली न्हवं तुमी? मग ऱ्हावा हुबं. वहाना हातात घिऊन हुबा ऱ्हायला बिचारा. फरशी अशी तापलेली, की म्या सकाळचं वाळवन दुपारी गोळा करताना माजं हात भाजलं. तू सुट्टीला आला व्हतास तवा. तुला म्हनलं न्हवतं म्या, बापाला जरा सांग म्हून? तू म्हनलास, मला त्यात पडायचं न्हाई."

आकारामला आठवलं. सगळं आठवलं. त्या तीन दिवसांत त्या दारातून तो कितीदा आतबाहेर झाला होता, केरबाच्या अंगावरून. आणि आईला ठाऊक नव्हतं ते एक त्याला आणखी आठवलं. शाळेच्या भिंतीवर धोंडिरामनं गेरूनं काढलेला घोडा त्यानं केरबा दारात यायच्या आदल्याच दिवशी पाहिला होता. पोरगं सांगलीला आलं तर तात्याबांकडे येणार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तो बापाशी बोलला नव्हता. भालदार नंतरचा, खांब नंतरचे. जळणं त्याच्याही आधीचं होतं.

"तिसऱ्या दिशी म्या तुज्या बापाम्होरं ताट आपटलं, तवा त्येनं सही केली," राहीबाई म्हणाली. मग तिनं वाकून चित्राच्या खालच्या बाजूला बघितलं. "पर केरबाचं पाय कुटं गेलं रं? पाय न्हाई काढलं व्हय धोंडिरामनं?"

आईला बाहेर बाकावर बसवून आकाराम आत आला, चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि गुडघ्यांवर बसला. खालचा धोंडिरामचा रंग पातळ हाताचा, खडखडीत वाळलेला. वरचा बर्फ कालचा, ओला. हलक्या हातानं पुसलं तर वरचं तेवढंच निघणार होतं. अंगठा आला. मग बोटं. मग घोट्याचं हाड. एकेक बाहेर येत होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा आकारामचा जीव जळत होता. असे पाय आपल्याला सात जन्मात जमणार नाहीत, हे त्याला कधी नव्हे इतक्या जवळून दिसत होतं.

मागं पावलं वाजली. धोंडिराम दारात उभा होता, हातात पिशवी, सकाळच्या एस.टी.नं आलेला. त्यानं चित्र पाहिलं, चिंधी पाहिली, बशीतला पांढरा रंग पाहिला. त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जोतिबा लिवतो, पाय रुतत्यात बर्फात," आकाराम कसाबसा म्हणाला.

"मग पुसतूस कशाला?"

आकारामनं त्याच्याकडे वर बघितलं नाही. "आमच्या दारात कवा बर्फ पडला रं?"

धोंडिरामनं पिशवी खाली ठेवली. टाचांच्या भेगांत अजून थोडा पांढरा रंग अडकून होता. आकाराम चिंधीचं टोक वळून तो काढायला गेला, तर धोंडिरामनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तेवढा ऱ्हाऊ दे."

अकरा वाजता दालन भरलं. पाहुणे आले, हार झाले, कापड सरकलं. बर्फाकडे लोकांनी पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि शेवटी सगळे पायांपाशी येऊन थांबले, आकारामला भीती होती अगदी तसेच. प्राचार्य तर खाली बसलेच. "हे बघा," ते पाहुण्यांना सांगू लागले, "टाचेच्या भेगांत अडकलेला हा बर्फ! तीन दिवसांची थंडी ह्या एवढ्यात आली. बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. धोंडिराम, हे सुचलं कसं तुम्हाला?"

धोंडिराम हात जोडून उभा होता. "त्ये माजं न्हाई, सर," तो म्हणाला. "बर्फ सगळा आकारामचा."

माना वळल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. प्राचार्यांनी आकारामचा हात हातात घेऊन हलवला. सतरा वर्षं जे ऐकायला त्याचे कान आसुसले होते ते त्यानं ऐकलं, तेही धोंडिरामच्या तोंडून, चारचौघांत. आणि ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं धोंडिरामकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ना टोमणा होता ना दया. तो आपला राजाकडे, म्हणजे बापाकडे, बघत होता.

त्यानंतर आकाराम सुधारला, असं म्हणायची सोय नाही. साताऱ्याहून कुणी धोंडिरामचं नवीन काम सांगत आलं, की त्याचा ब्रश अजूनही थांबायचा. फक्त "बरा हाय" म्हणायचं त्यानं सोडलं. "लय चांगला हाय," म्हणायचा आणि पुन्हा पाटीकडे वळायचा. जेवण त्या दिवशीही गोड लागायचं नाही.

कॉलेजात नवी मुलं येत, चित्राविषयी विचारत, आणि प्राचार्य त्यांना गणपती पेठेत त्याच्याकडे पाठवत. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात चारपाच मुलं अशीच आली. आकारामनं चहा मागवला. मुलांनी राजाचं विचारलं, पोपचं विचारलं. त्यानं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

"पाय कुणी काढले?" एकानं विचारलं.

"धोंडिरामनं."

"आणि ते दार? ते कुठल्या किल्ल्याचं आहे?"

आकारामनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, काठावर निथळून घेतला.

"किल्ल्याचं न्हाई," तो म्हणाला. "आमचं हाय."